टोकलेले बी उंदीर-साळिंदराच्या तोंडातून कसे वाचवावे

पाऊस लागला की उजाड डोंगरावर बेहडा, करंज, पळस, आंब्याच्या कोया टोकण्याचा, म्हणजे एकेक बी मातीत खोचून लावण्याचा, कार्यक्रम गावोगावी होतो. महिन्याभराने पाहायला गेले तर बोटावर मोजण्याइतकी रोपे दिसतात. मग बोल लागतो बियाला, नाहीतर पावसाला. खुरप्याने चार जागा उकरून पाहिल्या तर खरा प्रकार कळतो. तिथे बी नसतेच, कुजलेलेसुद्धा नसते. पहिल्या दोन-तीन रात्रीतच कोणीतरी ते उकरून नेलेले असते.

बी मातीत जितक्या रात्री नुसते पडून राहते, तितका त्याला धोका. म्हणून पुढचा बराचसा खटाटोप ह्या रात्री कमी करण्याचा आहे. तारेची जाळी, काटे, तिखट वगैरे त्यानंतर. नुसती जाळी आणून काम भागेल असे ज्यांना वाटते त्यांची जाळी जाते आणि बीही जाते.

इथली मापे आणि वेळा सह्याद्रीचा घाटमाथा, त्याचे पूर्वेकडचे उतार आणि दख्खनचे मुरमाड माळ धरून दिली आहेत. जमीन मालकीची असेल तर प्रश्नच नाही, देवराई किंवा गायरान असेल तर आधी गावाशी बोलावे, आणि वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय कुदळ मारू नये.

आधी चोर ओळखा

प्रत्येक चोराचा उपाय वेगळा आहे, त्यामुळे हे काम टाळून चालत नाही. उकरलेल्या जागा सकाळी लवकर पाहाव्यात. पाऊस पडून गेला की खुणा पुसतात.

उंदराचा खळगा लहान असतो, तोंड ३ ते ५ सेंटिमीटर आणि नेमका बियापर्यंत गेलेला. टरफले तिथे सापडत नाहीत, ती जवळच्या दगडाच्या आडोशाला किंवा गवताच्या ठोंबाखाली पडलेली असतात, कारण उंदीर उघड्यावर बसून खात नाही. बेहड्याची आठळी (फळातले टणक बी) सापडली तर नीट पाहा. एका बाजूला भोक, कडेला बारीक समांतर दातखुणा आणि आतला गर साफ असेल तर तो उंदीर किंवा खार. घूस असेल तर बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग हमखास दिसतो.

साळिंदराचा खड्डा खोल, वर रुंद आणि खाली निमुळता. माती एका अंगाला फेकलेली, आणि नशीब असेल तर शेजारी गळलेला काटा. साळिंदर बी तर खातेच, पण रोप उगवल्यावरही येते, सोटमूळ उकरून खाते आणि मोठ्या रोपाच्या बुंध्याची साल कुरतडते. म्हणजे साळिंदराच्या भागात राखण एका पावसाळ्यात संपत नाही.

रानडुकराने एक-दोन खड्डे केलेले नसतात, अख्खा पट्टा उलथलेला असतो. मोर, तित्तर आणि लावे वरची दोन-तीन सेंटिमीटर माती पायाने विसकटतात, त्यांच्या खुणा उथळ आणि पसरट. खार दिवसा येते आणि बहुधा वर राहिलेले बीच उचलते. वानरांचा त्रास वेगळाच: त्यांना बियात फारसा रस नसतो, पण खुणेसाठी रोवलेली काठी, तिला बांधलेली चिंधी आणि तिच्याजवळचे कोवळे रोप तिन्ही उपटून पाहायची त्यांना भारी हौस. वानरांच्या भागात खुणेला काठी न लावता दोन दगड एकावर एक ठेवावेत.

बियावर २-३ मिलिमीटरचे गोल, स्वच्छ भोक दिसले तर चोर रानातला नाही, तो बियासोबत घरून आलेला भुंगा आहे. खैर, बाहवा, शिरीष अशा शेंगवर्गीय बियांत हा फार. त्याची अंडी झाडावरच्या शेंगेवर घातलेली असतात, अळी आत शिरून बी पोखरते आणि भुंगा होऊन बाहेर पडते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. बी खाणारा प्रत्येक प्राणी जंगलाचा वैरी नसतो. उदमांजर जांभळे खाते आणि बिया जशाच्या तशा विष्ठेतून टाकते. धनेश मोठ्या फळांच्या बिया दूरवर नेतो. अस्वल, कोल्हा, बुलबुल सगळे पेरणीच करत असतात. उंदीर-खारीसुद्धा साठवलेले सगळे बी खात नाहीत, काही विसरतात. सगळे रान कुंपणाने बंद करण्यात म्हणूनच अर्थ नाही. उदमांजराची विष्ठा एका ठरावीक खडकावर पडत असते, तिथून धुऊन गोळा केलेले बी गर निघालेले आणि टोकायला उत्तम असते. (हातमोजे घालावेत, हे सांगायला नकोच.)

तीन रात्रींची चाचणी

मुख्य टोकणीच्या आठवडाभर आधी त्याच उतारावर १० जागा निवडाव्यात. काही गवतात, काही उघड्यावर, काही करवंदीच्या झुडपाखाली. प्रत्येक ठिकाणी हातभर अंतरावर ५ बिया नेहमीच्या खोलीवर टोकाव्यात. तीन सकाळी पाहून किती गेल्या ते लिहून ठेवावे. ५० पैकी १० पर्यंत गेल्या तर उघडी टोकण चालेल, बी थोडे जास्त घ्यावे. २५ च्या वर गेल्या तर जाळीशिवाय मोठे बी टोकू नये. मधल्या आकड्याला आंबा, जांभूळ, बेहडा जाळीत आणि करंज, पळस उघड्यावर असा मेळ घालावा. करंजाचे बी कडू असल्याने उंदीर त्याला सहसा शेवटी हात लावतो.

ही चाचणी जागाही दाखवते. करवंदीखालचे बी गेले आणि उघड्यावरचे राहिले असे चित्र बऱ्याच वेळा दिसते. उंदराला घुबड-सापाचे भय असते, तो आडोसा सोडून लांब जात नाही.

साठवणीतच अर्धे बी जाते

खैराच्या शेंगा हिवाळ्यात, बेहडा-हिरडा नोव्हेंबरपासून, बाहवा आणि करंज उन्हाळ्यात, पळस मे-जूनच्या सुमारास. हे बी जूनपर्यंत गोणीत घालून पडवीत ठेवले की घरचे उंदीर ते खातात आणि उरलेले भुंगे संपवतात. झाकणाचा पत्र्याचा डबा किंवा जाड प्लॅस्टिकचा पिंप वापरावा. शेंगवर्गीय बी शेंगा तपकिरी होताच झाडावरून काढावे, खाली पडू देऊ नये. दोन कडक उन्हे देऊन, चाळून, १ किलो बियाला साधारण पाव किलो चाळलेली कोरडी राख मिसळून भरावे. भोके पडलेले बी वेचून जाळून टाकावे, उकिरड्यावर टाकले तर भुंगे पुन्हा पसरतात.

जांभूळ, आंबा, मोह, कडुलिंब ह्यांना ही पद्धत लावायची नाही. ते बी वाळले की मरते. जांभळाची बी फळ खाल्ल्यापासून आठवड्याच्या आत जमिनीत गेलेली बरी, तोवर ओलसर गोणपाटात सावलीला ठेवावी.

पाण्यात टाकून तरंगणारे बी फेकण्याची रीत सगळीकडे सांगितली जाते. खैर, बाहवा, पळस ह्यांना ती ठीक आहे. करंजाला लावू नये. नदी-नाल्याने वाहत जाणारे झाड ते, त्याचे चांगले बीसुद्धा तरंगते. करंजाचे बी हाताने निवडावे: सुरकुतलेले, भोकाचे आणि दाबल्यावर पिचणारे बाजूला.

बी जागे करूनच रानात न्यावे

उंदीर बी वासाने शोधतो. ओल्या मातीत वास जास्त सुटतो आणि पावसाळ्यात माती ओलीच असते. बेहडा टोकून महिनाभर उगवायची वाट पाहणे म्हणजे उंदराला महिनाभराची मुदत देणे. म्हणून उगवण घरी सुरू करायची आणि मोड फुटता फुटता बी टोकायचे.

बेहडा: वाळलेला गर काठीने ठोकून पूर्ण काढावा, आठळी साध्या पाण्यात ४८ तास भिजवावी आणि पाणी दोनदा बदलावे. मग सावलीत हातभर खोल खड्ड्यात गोणपाट अंथरून आठळ्यांचा वीतभर थर द्यावा, वर ओले गोणपाट आणि त्यावर पेंढा. रोज पाणी शिंपडावे, आठवड्याने एकदा थर खालीवर करावा. तिसऱ्या आठवड्यापासून काही आठळ्या तडकू लागतात. तडकलेल्या तेवढ्या त्या दिवशी रानात न्यायच्या, बाकीच्या परत झाकायच्या. सगळ्या एकदम तयार होत नाहीत, तशी अपेक्षाही ठेवू नये. खड्ड्यावर पत्रा आणि दगड विसरू नका, नाहीतर घराजवळचे उंदीर तिथेच पंगत मांडतात.

हिरडा आणखी हट्टी. आठळीचे रुंद टोक आतल्या गराला इजा न करता पक्कडीने किंचित छाटावे आणि ३६ तास पाण्यात ठेवावे. बाहव्याच्या बियांवर उकळून खाली उतरवलेले पाणी ओतून रात्रभर तसेच ठेवावे, सकाळी फुगलेल्या तेवढ्या टोकायला घ्याव्यात आणि न फुगलेल्यांना पुन्हा एकदा तेच करावे. पळस आणि करंज २४ तास साध्या पाण्यात, मग ओल्या गोणपाटात चार-पाच दिवस. खैर रात्रभर भिजवला की पुरे. आंब्याच्या कोयीची वरची कवटी कात्रीने कडेने कापून काढली तर उगवण लवकर होते आणि आत सोंड्या भुंगा आहे का तेही कळते.

मोड अर्धा ते एक सेंटिमीटर असतानाच टोकावे. दोन सेंटिमीटरच्या वर गेलेले मूळ वाहतुकीत मोडते, आणि वाकडे बसले तर रोप पुढे कोलमडते. रानात नेताना पाटीत ओल्या भुश्यात ठेवावे, वर ओले फडके. प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून नेलेले बी दुपारपर्यंत वाफाळते.

टोकण: वेळ, जागा, खोली

वळवाच्या पहिल्या सरीवर घाई करू नये. वळीव पडून पंधरा दिवस ऊन लागले तर मोड सुकतो आणि उंदरांना उकरायला माती तेवढी मऊ मिळते. माती वीतभर खोल भिजली की सुरुवात करावी. घाटमाथ्यावर हे साधारण आर्द्रा नक्षत्रात, जूनच्या चौथ्या आठवड्यात होते. पठारावर जुलैचा पहिला पंधरवडा धरावा. मोड आलेले बी तेव्हा आठ-दहा दिवसांत वर येते.

जागा निवडताना अडचण अशी की करवंद, बोर, गेळा अशा काटेरी झुडपाखाली रोप शेळ्या-गुरांपासून वाचते, पण तिथेच उंदरांचा राबता असतो. उघडे बी टोकायचे असेल तर झुडपाच्या कडेपासून दीड-दोन हात बाहेर टोकावे आणि भोवतीचे गवत अर्धा मीटर त्रिज्येत विळ्याने कापून दूर टाकावे. जाळीतले बी खुशाल झुडपाच्या आत टोकावे, दोन्ही फायदे मिळतात. ताज्या बिळापासून दहा पावले तरी लांब राहावे.

खोली बियाच्या जाडीच्या दोन ते तीन पट. कोय ५ सेंटिमीटर, बेहडा ४, करंज-जांभूळ ३, पळस २ ते ३, बाहवा दीड, खैर १. मोठे बी थोडे खोल गेले तर उंदराला सापडायला जड जाते, पण खैराला ३ सेंटिमीटर खाली घालून वाचवण्याचा प्रयत्न म्हणजे त्याला पुरणे आहे.

एका भोकात तीन-चार बिया टाकण्याची सवय मोठ्या बियांबाबत सोडावी. वास वाढतो आणि एक सापडली की सगळ्या जातात. एका जागी एक, फार तर हातभर अंतरावर दुसरी. खैरासारख्या लहान बियांच्या मात्र तीन टाकाव्यात. सरळ ओळी टाळाव्यात. भुईमुगाच्या ओळीत उंदीर आणि डुक्कर एकामागून एक बी कसे उचलतात हे शेतकऱ्याला माहीत आहे, रानातही तेच. एकरी सरासरी ३ मीटर अंतराने सुमारे ४५० जागा बसतात, त्या डोंगराच्या कलाने वेड्यावाकड्या ठेवाव्यात.

टोकून झाले की माती टाचेने घट्ट दाबावी आणि वर आजूबाजूचाच पालापाचोळा पसरावा. ताजी उकरलेली माती नजरेलाही दिसते आणि नाकालाही कळते. वेळ असेल तर दहा जागांमागे तीन-चार रिकामे खड्डे करून तसेच दाबून ठेवावेत. रिकाम्या जागी हाताला काही लागले नाही की उंदराची मेहनत वाया जाते.

खड्ड्यात हाडांचा चुरा, शेंगदाण्याची पेंड, मासळीखत कधीही घालू नये. कुत्री आणि रानडुकरे त्या वासाने येतात आणि बी नको असले तरी खड्डा उलथतात. काही घालायचेच तर मूठभर निंबोळी पेंड.

झाडांना बहर कसा आला आहे तेही पाहावे. ज्या वर्षी रानात फळ उदंड, त्या वर्षी उंदरांची पोटे भरलेली असतात आणि तुमचे बी त्या गर्दीत खपून जाते. धोक्याचे वर्ष त्याच्या पुढचे: भरपूर खाऊन उंदीर वाढलेले, आणि फळ कमी. बांबू फुलल्यावर तर हे टोकाला जाते. मिझोराममध्ये १९५९ साली आणि पुन्हा २००७ च्या सुमारास बांबू फुलल्यानंतर उंदरांनी शेतेच्या शेते फस्त केली. तुमच्या डोंगरावर बांबूचे बेट फुलून वाळले असेल तर त्या आणि पुढच्या पावसाळ्यात उघडी टोकण करू नये.

जाळीची नळी

लागणारे सामान: गॅल्व्हनाइज्ड वेल्डेड जाळी, अर्धा इंची म्हणजे १२ मिलिमीटर भोकाची, पत्रा कापायची कात्री, पक्कड, बाइंडिंगची तार, आणि ६ मिलिमीटर सळईचे हातभर लांब, एका टोकाला वाकवलेले खुंटे, नळीमागे दोन. घुशी, मोठे उंदीर, खारी ह्यांना अर्धा इंच पुरते. लहान रानउंदीर त्यातून आत जातो, तो असेल तर पाव इंची जाळी घ्यावी. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी स्वस्त पडते, पण तिची तार बारीक. साळिंदर ती फाडते आणि डुकराचा पाय पडला की ती चेपते.

३ फूट रुंद आणि ५० फूट लांब गुंडाळी घेतली तर रुंदीचे ३० सेंटिमीटरचे तीन पट्टे पडतात. प्रत्येक पट्ट्याचे ४५ सेंटिमीटरचे ३३ तुकडे. एका गुंडाळीत ९९ नळ्या झाल्या, म्हणजे एका एकरातल्या निवडक शंभर जागांची सोय. तुकडा वळवून एक सेंटिमीटर कडा एकमेकींवर घ्यावी आणि तीन ठिकाणी तारेने बांधावी. १४ सेंटिमीटर व्यासाची नळी तयार होते. एका तोंडाला ७ सेंटिमीटर खोल सहा काप घ्यावेत आणि त्या पाकळ्या आत दुमडून मधोमध तारेने बांधाव्यात. हे झाकण. झाकण न केलेली जाळी म्हणजे उंदराला जेवायला बसायची सुरक्षित खोली, तो वरून उतरतो.

बसवताना १५ सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्यावा. नळी १० सेंटिमीटर जमिनीत आणि १३ वर राहील अशी धरून आत-बाहेर चाळलेली माती भरावी व पहारीच्या मागच्या टोकाने ठोकून घ्यावी. दगड भरले तर फटी राहतात आणि उंदीर तिथूनच शिरतो. मग झाकण उघडून बी मधोमध टोकावे, बंद करावे, दोन्ही खुंटे जाळीत अडकवून तिरके ठोकावेत. तळ उघडाच ठेवायचा. खालूनही जाळी लावली की सोटमूळ तिच्यात अडकते आणि दोन वर्षांनी रोप वाऱ्याने मोडते.

रानडुक्कर किंवा साळिंदर असेल तर नळीभोवती पाच-सहा किलोचे चार दगड चिकटून बसवावेत आणि वर बोराट्या (बोरीच्या काटेरी फांद्या) पसरून त्यावर पुन्हा एक दगड. बाभळीचे काटे चालतात, पण बोरीचा आकडा जास्त काळ टिकतो. बोराटी वाळून हलकी झाली की वारा नेतो, तो वरचा दगड ह्यासाठीच.

जाळीचा एक चोर मात्र दोन पायांचा असतो. रस्त्याजवळच्या उतारावर गॅल्व्हनाइज्ड जाळी फार दिवस राहत नाही. तिथे बांबूची नळी वापरावी: २५ सेंटिमीटर लांब, आतून ५-६ सेंटिमीटर पोकळ, पेराचा पडदा सळईने फोडलेला. ८ सेंटिमीटर जमिनीत ठोकावी, तोंडावर पाव इंची जाळीचा तळहाताएवढा तुकडा तारेने आवळावा. उंदीर बांबू कुरतडू शकतो, पण मोड आलेल्या बियाला लागणारे आठ-दहा दिवस तो सहसा निभावून नेतो. दीड-दोन वर्षांत वाळवी तो संपवते, काढायची दगदग नाही. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या वापरायचा मोह टाळावा. आत वाफ धरते, बुरशी येते आणि ऑक्टोबरच्या उन्हात रोप होरपळते.

स्पेनमध्ये ग्रनाडा विद्यापीठातल्या संशोधकांनी ओकच्या बियांसाठी ह्याच विचाराची प्लॅस्टिकची छोटी कवटी केली आहे. दोन छाटलेले पिरॅमिड तळाशी जोडलेले, वरच्या भोकातून कोंब आणि खालच्यातून मूळ बाहेर पडते, उंदराचे तोंड मात्र आत जात नाही. आपल्याकडची आठळी आणि कोय तिच्यात मावणार नाही, पण दोन्ही टोके उघडी आणि निमुळती ठेवण्याची युक्ती बांबूलाही लावता येते.

तिखटाचा लेप

मिरचीचा झोंबरेपणा उंदीर, खार, साळिंदर, डुक्कर अशा सस्तन प्राण्यांना जाणवतो. पक्ष्यांना जाणवत नाही, म्हणून मोर-तित्तर असलेल्या जागी लेपावर वेळ घालवू नये. १ किलो भिजवलेल्या, पण मोड न आलेल्या बियाला ४० ग्रॅम जहाल लाल तिखट, १० मिलिलिटर एरंडेल आणि दोन चमचे मैद्याची पातळ गार खळ. आधी एरंडेल चोळावे, मग खळ, मग तिखट भुरभुरावे, आणि सावलीत तासभर पसरून त्याच दिवशी टोकावे. एरंडेल जास्त झाले तर बी पाणी घेत नाही. मोड आलेल्या बियाला लेप लावू नये, चोळताना मोड मोडतो. हातमोजे, चष्मा आणि वाऱ्याकडे पाठ.

पठारावर हा लेप आठवडाभर काम देतो. घाटमाथ्याच्या पावसात दोन-तीन दिवसांत धुऊन जातो. म्हणून तो जाळीला पर्याय नाही, पळस-खैरासारख्या लवकर उगवणाऱ्या बियांना मिळालेली थोडी उसंत एवढेच.

बीजगोळ्यांविषयी स्पष्ट सांगायला हवे. नैसर्गिक शेती करणारे जपानचे फुकुओका ह्यांनी बियांभोवती चिकणमातीचे कवच केले ते पक्षी-उंदरांपासून बी वाचवण्यासाठीच, आणि त्यात माती मुख्य होती. आपल्याकडे शेणखत भरपूर घालून केलेले मऊ गोळे गाडीतून फेकले जातात. पहिल्या सरीत ते फुटतात आणि बी खडकावर उघडे पडते. गोळे करायचेच तर कुंभाराच्या मातीचे पाच भाग आणि चाळलेले जुने खत एक भाग, सुपारीएवढा आकार, खैर-आपटा-शिरीष असे लहान बी, दोन दिवस सावलीत वाळवण, आणि रानात गेल्यावर प्रत्येक गोळा टाचेने मातीत अर्धा दाबणे. बेहडा, आंबा, जांभूळ गोळ्यात घालू नये.

विष नको

ब्रोमाडिओलोन हे उंदीर मारायचे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त फिरतो आणि नेमका तोच घुबडाच्या, मुंगसाच्या, उदमांजराच्या तोंडी पडतो. म्हणजे उंदीर खाणारेच मरतात आणि पुढच्या हंगामात उंदीर दुप्पट. फास आणि सापळे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कचाट्यात नेतात. त्यापेक्षा एकरी आठ-दहा पक्षीथांबे उभारावेत: तीन मीटरचा बांबू, वर हातभर आडवी काठी. रात्री पिंगळा आणि घुबड बसतात. दिवसा बुलबुल, साळुंकी बसतात आणि विष्ठेतून वड, उंबर, पिंपळाचे बी खाली टाकतात, हा वरचा नफा. थांब्याखालचे गवत कापलेले असावे, नाहीतर घुबडाला उंदीर दिसणार कसा.

मुंग्यांसाठी वेगळे काही करावे लागत नाही. ज्यांच्या वारुळाभोवती भुश्याचा गोल ढीग दिसतो त्या बी साठवणाऱ्या मुंग्या, त्यांच्यापासून पंधरा पावले लांब टोकावे. कळंब-हेदासारखे धुळीएवढे बी थेट रानात टाकूच नये, त्याची रोपवाटिकेत रोपे करावीत. गोगलगाई मात्र कोवळी पाने एका रात्रीत संपवतात आणि जाळी त्यांना अडवत नाही. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी पसरावीत, पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगाई हातमोज्याने वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात.

उगवल्यानंतर

कोंब वर आला म्हणजे सुटलो, असे होत नाही. आंबा, जांभूळ, करंज ह्यांच्या बियाची जाडजूड दले (बियाचे दोन फाके) मातीतच राहतात आणि रोप त्यावरच जगत असते. उंदीर आता दलांसाठी येतो. रोप आडवे पडलेले, पाने हिरवी, बुंध्याशी खळगा असे दिसले तर हेच झाले. म्हणून झाकण चार ते सहा आठवडे बंद ठेवावे. पाने जाळीला टेकू लागली की पाकळ्या सोडून बाहेर वळवाव्यात. उशीर केला तर शेंडा जाळीत अडकून वाकडा वाढतो आणि सोडवताना मोडतो.

पहिले दहा दिवस दर तिसऱ्या दिवशी फेरी मारावी, नंतर आठवड्याने. गेलेल्या जागी दुसरे बी ३१ जुलैपर्यंत टोकावे, पठारावर फार तर १५ ऑगस्टपर्यंत. त्यानंतर उगवलेल्या रोपाचे मूळ ऑक्टोबरपर्यंत खोल जात नाही आणि मार्चमध्ये ते वाळते. त्याच जागी पुन्हा टोकू नये, उंदराला ती पाठ असते. चार हात सरकून टोकावे. चराईबंदी नसेल तर शेळ्या येणारच, तिथे बोराट्या दिवाळीपर्यंत तशाच ठेवाव्यात.

साळिंदर नसेल तिथल्या नळ्या पावसाळा संपल्यावर, माती ओलसर असतानाच काढाव्यात. कोरड्या मुरमातून ओढताना मुळांना धक्का बसतो. बांधणीची तार कापून नळी उघडायची, वर ओढायची नाही. साळिंदराच्या भागात भिंत तशीच ठेवून दुसऱ्या पावसाळ्यानंतर काढावी, त्याहून उशिरा नको, कारण बुंधा जाड होऊन जाळी सालीत रुतते. काढलेले तुकडे सपाट करून, माती झटकून, कोरड्या जागी उभे ठेवले तर तीन-चार हंगाम चालतात. गंजलेला तुकडा पुढच्या वर्षी वापरायला ठेवू नये. जमिनीलगतची तार आधी गंजते, आणि उंदीर तिथूनच शिरतो.